महामार्ग, फाटा की पांधण? विदर्भात चाकांच्या घरांची वसाहत टाकताना जागा कशी निवडावी

कॅरॅव्हॅन म्हटलं की ताडोब्याला निघालेली पर्यटकांची गाडी आठवते. इथं विषय तो नाही. जमीन घ्यायची, तिच्यावर पंधरा-वीस चाकांची किंवा कंटेनरची घरं उभी करायची आणि बाराही महिने तिथंच राहायचं, असा बेत करणाऱ्यांसाठी हे आहे. नागपूर-अमरावतीतून निवृत्त होऊन बाहेर पडणारे, पुण्याहून गावाकडे परतलेले, सोलरच्या नाहीतर रस्त्याच्या कामावर दोन-चार वर्षांसाठी आलेले, अशी ही मंडळी. घर कसलं घ्यायचं यावर महिनोन्‌महिने खल चालतो. जागा मात्र एखाद्या रविवारी जाऊन पक्की होते, आणि तो रविवार बहुतेक वेळा उन्हाळ्यातला असतो. एप्रिलमध्ये विदर्भात कुठेही जाणं सोपंच.

घर एकदाच येतं. त्यानंतर येत राहतात पाण्याचा टँकर, दूधवाला, सिलिंडरची गाडी, शाळेची व्हॅन, सेप्टिक टँक उपसणारी गाडी आणि एखाद्या रात्री १०८. म्हणून माझा हिशेब साधा आहे: भरलेला टँकर ऑगस्टमध्ये दारापर्यंत येतो का, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस कोणाला फोन न करता तालुक्याला जाऊन परत येऊ शकतो का. दलाल शेवटी तीनच प्रकारच्या जागा दाखवतात: महामार्गालगतची, फाट्यापासून आतली आणि पांधणीची, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवरची. तिन्ही या दोन प्रश्नांवर तपासू, आणि शेवटी रेल्वेजवळच्या जागेचंही थोडं बघू.

महामार्गालगतची जागा

जाहिरातीत हिला ‘रोड टच’ म्हणतात. भाव सगळ्यांत चढा, आणि त्यातला निम्मा भाव त्या दोन शब्दांचा.

आधी समृद्धीचं सांगतो, कारण गैरसमज तिथंच जास्त आहेत. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. पण त्यावर चढता-उतरता येतं ते फक्त इंटरचेंजवर. धामणगाव, कारंजा, मेहकर अशा ठिकाणी ते आहेत. मधल्या गावांना समृद्धी नुसती दिसते. दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर यांना बंदी. म्हणजे तुमच्या दूधवाल्याला, गवंड्याला आणि मोटारसायकलवर येणाऱ्या लाइनमनला त्या रस्त्याचा काडीचा उपयोग नाही. ‘समृद्धीपासून पाचशे मीटर’ असं कोणी सांगितलं, तर इंटरचेंज गाडीच्या काट्यावर मोजून किती लांब आहे, एवढंच विचारा. उत्तर बावीस किलोमीटर आलं तर तुम्ही समृद्धीजवळ नाही, समृद्धीच्या आवाजाजवळ राहणार आहात.

राष्ट्रीय महामार्ग ५३ (नागपूर-अमरावती-अकोला-खामगाव) किंवा ४४ (नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा) यांच्यालगतची जागा जास्त कामाची. ट्रेलर थेट फाटकाशी येतो, घर उतरवायला हायड्रा क्रेन टणक जमिनीवर उभी राहते, रात्री दोन वाजताही रुग्णवाहिका चुकत नाही. पुण्याच्या ट्रॅव्हल्स जवळच्या ढाब्यावर थांबतात. मात्र डिव्हायडरला कट कुठे आहे ते बघा. कट लांब असला की माणसं वळसा वाचवायला उलट्या बाजूने मोटारसायकल दामटतात. आज ‘आपण नाही तसं करणार’ म्हणणारेही दुसऱ्या आठवड्यात तेच करतात, कारण भाजी त्या बाजूला मिळते. वीस घरांच्या वसाहतीत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं असतील, तर मला या जागेचा सगळ्यांत मोठा दोष हाच वाटतो.

दुसरं, महामार्गावर तुमचं फाटक उघडायला वेगळी परवानगी लागते. जमीन लागून आहे म्हणून तो हक्क आपोआप मिळत नाही. केंद्राच्या निकषांप्रमाणे रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नाही आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण. एवढी दर्शनी जमीन सोडून घरं मागे सरकवायची, तर ‘टच’चे पैसे कशाचे मोजायचे?

एसटीचंही बघा. महामार्गावरून दिवसभर गाड्या धावतात, पण जलद गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. थांबते ती साधी, आणि तीही जवळच्या फाट्यावर.

फाट्यापासून आत, पक्क्या रस्त्यावरची जागा

महामार्गापासून तीन-चार किलोमीटर आत, प्रमुख जिल्हा मार्गावर किंवा डांबरी ग्रामीण मार्गावर, गावाला धरून असलेली ही जागा. दिसायला साधी. पाहुण्यांना दाखवावं असं इथं काही नसतं.

पहिली चौकशी करा ती मुक्कामी गाडीची. संध्याकाळी येऊन गावात रात्रभर उभी राहणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी एसटी. ती ज्या गावात आजही येते, तिथला रस्ता आगाराच्या भरवशाचा आहे असं समजायला हरकत नाही. चालक-वाहकही तिथंच झोपतात. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपानंतर बऱ्याच गावांच्या फेऱ्या घटल्या, त्यामुळे ‘पूर्वी दिवसाला पाच यायच्या’ या उत्तराला अर्थ नाही. आज किती येतात, आणि शाळेला सुट्टी असताना किती, हे विचारा. खेड्यातल्या फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. दिवाळीत आणि मे महिन्यात त्या गळतात. मानव विकासच्या निळ्या गाड्या तर शाळकरी मुलींसाठीच आहेत, त्यांच्यावर तुमचं वेळापत्रक बसवू नका.

एसटीचा एवढा आग्रह धरण्याचं कारण पैशाचंही आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ ला निम्मं भाडं. निवृत्तांच्या वसाहतीत महिन्याच्या खर्चात हा फरक जाणवतो. एसटी नसलेल्या गावात काळीपिवळी नाहीतर मॅजिक. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि सातनंतर मिळत नाही.

रस्ता बघताना गावाच्या तोंडाशी लावलेला फलक वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असते, म्हणून काम पूर्ण झाल्याची तारीख महत्त्वाची. साडेचार वर्षं झालेला चकचकीत रस्ता लवकरच जिल्हा परिषदेच्या निधीची वाट बघत बसणार आहे. रुंदी ३.७५ मीटर, म्हणजे बारा फुटांच्या थोडी वर. कंटेनर आठ फूट रुंद. समोरून कापसाची गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं, आणि साइडपट्टी काळ्या मातीची असेल तर जुलैत उतरलेलं चाक दुसऱ्या ट्रॅक्टरशिवाय वर येत नाही. साइडपट्टीवर मुरूम आहे का, हे पायाने उकरून बघा. डांबरापेक्षा त्यावरून जास्त कळतं.

जवळून जड वाहतूक जाते का, तेही बघा. वणी, घुग्घुस, भद्रावती, राजुरा या पट्ट्यात कोळशाचे ट्रक रस्ता खातात आणि धूळ घरात येते. नदीकाठच्या गावांत रेतीचे ट्रक रात्रीचे चालतात. एक रात्र तिथं काढली की कळेल.

आतली, पांधणीची जागा

ही सगळ्यांना आवडते. तलाव, मोहाची झाडं, लांबवर जंगलाची रेघ, आणि भाव पहिलीच्या चौथाईत. अकोटकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी, यवतमाळच्या टेकड्यांत अशा जागा भरपूर आहेत.

पांधण उन्हाळ्यात टणक असते, कार सहज जाते. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीच काळी माती फुगते आणि चाकाला थर धरते. चार पावलं चाललं की चप्पल पायात राहत नाही. अशा एका पांधणीच्या तोंडाशी शेतकऱ्याला रस्त्याचं विचारलं, तर तो म्हणाला, ‘पावसायात इथं बैलबंडीच चालते भाऊ. तेबी खाली.’ म्हणजे बैलगाडी, तीही रिकामी. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. हे गणित इथंच संपलं.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या भागात, बोअरचं पाणी खारट. नळयोजना पोचली नसेल तर पिण्याचं पाणी बाहेरूनच आणायचं. तिथं रस्ता बंद म्हणजे पाणी बंद. पूर्वेकडे पाणी गोड, पण पाऊसच जास्त: अकोला-बुलढाण्यात वर्षाला ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास, तर गडचिरोली-गोंदियात १२०० आणि त्याहून वर. वाटेत रपटा (पुरात बुडणारा ठेंगणा पूल) असेल तर त्यावरून पाणी किती वेळा जातं आणि किती तास राहतं, हे शाळेच्या मास्तरांना विचारा. दांडी का पडली ते त्यांच्या लक्षात असतं. पर्लकोटेच्या पुराने भामरागड तालुका वर्षानुवर्षं तुटत आला आहे, वर्धा फुगली की बल्लारपूर-राजुरा वाहतूक थांबते. मोठ्या रस्त्यांची ही गत, तर तुमच्या रपट्याचं काय?

घर आणायचं त्या दिवशीचा अडथळा मात्र वर असतो. साडेआठ फूट उंच कंटेनर ट्रेलरवर ठेवला की जमिनीपासून तेरा फुटांच्या आसपास जातो. पांधणीवर शेतातल्या पंपांच्या तारा झोळ पडून लोंबत असतात. लाइनमनला बोलावून लाइन बंद करवून घ्यावी लागते, आणि बांबूने तारा उचलणारा कोणी उत्साही पोरगा पुढे आला तर त्याला आधी दूर करा.

हे सगळं मुरूम-गिट्टी टाकून सुधारता येतं. कागद मात्र मुरुमाने सुधारत नाही. तहसीलमधून गाव नकाशा काढा. दुबार तुटक रेषा असेल तर गावाहून गावाला जाणारा ग्रामीण रस्ता; एकेरी तुटक रेषा गाडीमार्गाची, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट; नुसते ठिपके असतील तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. त्यावरून आठ फुटी कंटेनर नेणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या वावरात चाकं घालणं. नकाशात काहीच नसेल, तर तुम्ही कोणाच्या तरी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून), त्याच्या मर्जीने जाताय. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या विदर्भातल्या जुन्या नोंदीही बघून घ्या. कधीकधी नकाशात नसलेली वहिवाट तिथं सापडते.

दलाल म्हणेल, ‘कलम १४३ खाली तहसीलदार रस्ता देतात.’ देतात, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तशी तरतूद आहे, आणि असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियमही आहे. पण शेतकऱ्याला वावरात जायला धुऱ्यावरून मिळणारी वाट वेगळी आणि वीस घरांची गाड्यांची वर्दळ वेगळी. तिच्या भरवशावर वसाहत बसवू नका. शेजाऱ्याने आज तोंडी हो म्हटलं तरी त्याचा भाऊ उद्या पुण्याहून येऊन तारेचं कुंपण घालू शकतो. (चाकं असली की अकृषकची भानगड राहत नाही, हीही तिथंच ऐकायला मिळणारी थाप. माणसं राहायला लागली की वापर निवासी.)

जाता जाता एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजमध्ये नोंद झाली. त्याच जिल्ह्यांत पांधणी मोकळ्या व्हायला पिढी जाते. आतल्या जागेचा भाव कमी असतो तो यामुळे.

रेल्वेजवळची जागा

बडनेरा, धामणगाव, पुलगाव, मूर्तिजापूर, शेगाव ही हावडा-मुंबई मार्गावरची स्टेशनं. मुलंबाळं मुंबई-पुण्याला असतील तर मोलाची. पण फाटकं बंद करून केलेले अंडरपास कमी उंचीचे असतात. ट्रेलर त्यातून जात नाही आणि पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. जागा रुळांच्या कोणत्या बाजूला आहे, एवढं बघा. ‘इथून रेल्वे येणार’ यावर मात्र एक रुपया जास्त देऊ नका. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याची वाट किती वर्षं पाहिली ते यवतमाळकरांना विचारा.

मग घ्यायची कुठली?

कायम राहायचं आणि वस्तीत साठीपुढची माणसं किंवा शाळेची मुलं असतील, तर फाट्याची जागा. ठाम उत्तर आहे हे. मुक्कामी गाडी, मुरमाच्या साइडपट्ट्या आणि वाटेत बुडणारा रपटा नाही, या तीन गोष्टी जुळल्या की दृश्य साधं असलं तरी चालेल.

सगळे कामगार, दोन-तीन वर्षांचा मुक्काम, प्रत्येकाकडे गाडी आणि पाळीचं काम, तर महामार्ग बरा. घरं पुढे हलवायचीच आहेत, ट्रेलरला परत यायला सोपं. फाटक कटाजवळ हवं.

पांधणीची जागा दोनच अटींवर: नकाशात किमान गाडीमार्ग असावा, आणि रस्ता करायचा खर्च जमिनीच्या भावात धरून मगच स्वस्त-महाग ठरवावं. वर्षातले आठ महिने राहून पावसाळ्यात शहरात परतणाऱ्यांना ती चालेलही. घर उतरवायचं ते फेब्रुवारी ते मेच्या मध्यात, आणि चाळीस फुटीऐवजी वीस फुटी. फाट्यावरच्या सिमेंट पाइपाच्या पुलियावर चाळीस फुटी ट्रेलर वळत नाही.

कोणतीही घेतली तरी इसार थोडा द्या. बाकीची रक्कम पोळा झाल्यावर, रस्ता भर पावसात स्वतः बघून, असं इसारपत्रात लिहून घ्या. मालक कां-कूं करू लागला तर पांधणीच्या तोंडाशी राहणाऱ्या चहावाल्याकडे जाऊन बसा.