साइडआर्म: वेगासाठी उत्तम, फिरकीपुढे कुचकामी

ऑगस्ट 2024 मध्ये भारताने कोलंबोत श्रीलंकेकडून एकदिवसीय मालिका 0-2 अशी गमावली. पहिला सामना 230 वर बरोबरीत सुटला, पुढच्या दोघांत भारत 208 आणि 138 वर गारद झाला. मालिकेत भारताच्या पडलेल्या 30 पैकी 27 विकेट फिरकीने काढल्या. दुसऱ्या सामन्यात भारताचे बिनबाद 97 वरून 6 बाद 147 झाले आणि ते सहाही बळी लेगस्पिनर जेफ्री वँडरसेचे. भारताच्याच नेटमध्ये साइडआर्मने, म्हणजे चेंडू फेकायच्या दांड्याने, ताशी 145-150 किलोमीटरचे थ्रोडाउन (सरावासाठी फेकलेले चेंडू) देणारी निष्णात माणसे आहेत. त्यातला राघवेंद्र तर आपल्या गोव्याशेजारच्या कर्नाटकातल्या कुमठ्याचा. म्हणून गोव्यातल्या क्लबने हे साधन घेताना त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट पाहावे.

लांब दांडा आणि टोकाला चेंडू धरणारी प्लास्टिकची वाटी, एवढेच हे साधन. दांड्यामुळे हाताची लांबी वाढते आणि खांद्याला फार ताण न देता वेग मिळतो. फेकणारा फलंदाजापासून साडेचौदा मीटरवर उभा राहून 115 च्या वेगाने टाकत असेल, तर फलंदाजाला मिळणारा वेळ ढोबळमानाने पूर्ण अंतरावरून आलेल्या 140 च्या चेंडूइतकाच, म्हणजे सुमारे 0.45 सेकंद असतो. क्लबच्या नेटमध्ये 140 टाकणारा गोलंदाज कुठून आणायचा? इथे साइडआर्मला तोड नाही.

चेंडू वाटीत शिवण उभी ठेवून बसवावा. मनगट लवकर सोडले की फुलटॉस जातो, कधी थेट डोक्याच्या उंचीवर. उशिरा सोडले की चेंडू पायाशी आपटतो. म्हणून सुरुवातीला समोर फलंदाज न ठेवता टप्प्यावर प्लास्टिकचे शंकू (कोन) ठेवून सराव करावा. फेकणाऱ्यासमोर जाळीची आडोशी चौकट हवीच, आणि फलंदाजाला हेल्मेट.

खरेदी करताना क्लबच्या चेंडूवरच वाटीची पकड तपासावी. सैल वाटीतून चेंडू आधीच निसटतो, घट्ट वाटीत अडकून आखूड पडतो. पावसाळ्यात भिजलेल्या मॅटवर चामडे फुगते आणि कालपर्यंत नीट बसणारा चेंडू आज अडकतो. त्या दिवशी कोरडे चेंडू वेगळे ठेवावेत. साधन उन्हात तापलेल्या गाडीत टाकून ठेवले तर वाटीचा आकार बिघडतो आणि मग टप्प्याचा भरवसा उरत नाही.

उणीव मोठी आहे. लेगस्पिन की तिच्या उलट वळणारी गुगली, हे फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून ओळखतो. साइडआर्ममध्ये मनगट दिसते, पण चेंडूला फिरक देणारी बोटे नसतात. हवेत चेंडूला दिलेली उंची नाही, खाली पडण्याचा वेळ नाही, पुढे यायचे की मागे राहायचे हा निर्णयच घ्यावा लागत नाही. रोज एवढाच सराव केला तर पाय क्रीजमध्ये खिळतात. कोलंबोतल्या पडझडीची कारणे अनेक असतील, खेळपट्टी वळण देणारी होतीच. पण फिरकीच्या मधल्या षटकांचा खेळ या दांड्याने शिकवता येत नाही, हे नक्की.

आठवड्यातली दोन सत्रे साइडआर्मला द्यावीत, बाकीची क्लबच्या फिरकी गोलंदाजांना. चेंडू जुना वापरावा. जुलै 2025 पासून एकदिवसीय सामन्यात 34 षटकांनंतर दोन टोकांना वापरलेल्या दोन चेंडूंपैकी एकच उरतो. म्हणजे 35 व्या षटकात तो 17 षटके वापरलेला असतो आणि शेवटपर्यंत 33 षटकांचा होतो. सिमेंटवर काथ्याची मॅट ताणून बसवली तर चेंडू वळतो आणि उसळतोही. 11 ते 40 षटकांत वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक असतात, तेवढे कोन मांडून फलंदाजाला चौकाराशिवाय षटकाला चार धावा काढायला लावाव्यात.

मूळ आयात साइडआर्म महाग पडते. देशी प्रती स्वस्त, पण त्यांच्या वाटीची पकड प्रत्येक नगात वेगळी असते. चेंडू सोबत नेऊन दुकानातच बसवून पाहावा.