दहा फुटांच्या तलावात मिळालेलं तीस मीटरचं कार्ड

मागच्या आठवड्यात बडोद्यातल्या वाडी भागातल्या ओळखीच्या एका मुलाचा फोन आला. "ताई, तुम्ही स्कूबा करता ना? एक जण इजिप्तच्या बोटीचं पॅकेज देतोय. ॲडव्हान्स्डचं कार्ड इथंच बडोद्यात काढून देणार म्हणतो. भरू का पैसे?" त्याने माणसाचं वर्णन केलं आणि मी खुर्चीत बसलेच. माझे २ लाख ६५ हजार ज्याने घेतले, तोच हा. पोलिसांत तक्रार दिली तरी बाहेर मी कुणाला काही बोलले नव्हते. घरचेही म्हणाले होते, झालं ते झालं, चारचौघांत नाचक्की नको. तो गप्प बसण्याचा सल्ला मी ऐकायला नको होता. म्हणून आता सगळं लिहिते.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. २०१९ मध्ये अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटरचा, म्हणजे सिलिंडर पाठीला लावून पाण्याखाली उतरायचा (स्कूबाचा) पहिला कोर्स केला. त्यानंतर जमेल तसं जात राहिले, तरी एकूण डाइव्ह ९ च. ओपन वॉटरवाल्याची मर्यादा १८ मीटर. त्याहून खोल, ३० मीटरपर्यंत जायचं तर पुढचं ॲडव्हान्स्ड लागतं. बुडालेल्या जहाजांचं वेड मला लागलं ते 'कार्नॅटिक'मुळे. सप्टेंबर १८६९ मध्ये ही आगबोट सुएझहून आपल्या मुंबईला यायला निघाली आणि तांबड्या समुद्रात शाब अबू नुहासच्या प्रवाळावर जाऊन आदळली. दुसरं जहाज येऊन आपल्याला घेईल या भरवशावर कप्तानाने प्रवाशांना बोटीवरच थांबवलं. शेवटी बोट दुभंगली, ३१ जण गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी सुएझ कालवा उघडला. मुंबईच्या वाटेवरची ती बोट अजून तिथे २५ मीटरच्या आसपास पडून आहे, तिच्या सांगाड्यातून मासे फिरतात, हे वाचल्यापासून एकदा ती डोळ्यांनी पाहायची असं मनात होतं. आणि ही जहाजं नीट पाहायची तर किनाऱ्यावरून रोज ये-जा करण्यापेक्षा लिव्हअबोर्ड बरी. आठवडाभर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं, दिवसाला तीन-चार वेळा पाण्यात उतरायचं.

हा माणूस मला २०२४ च्या गणपतीत भेटला, आमच्या मंडळात, आरतीनंतर प्रसाद वाटताना. शुद्ध मराठी बोलणारा, "आपण दांडिया बाजारचेच की ताई" म्हणणारा. बडोद्यात मराठी बोललं की निम्मी ओळख झाली असं आपण धरून चालतो. आजोबा कुठल्या वाड्यात राहत होते, कुणाकडे पौरोहित्य कोण करतं, एवढं विचारून होतं आणि मग पावती मागायला संकोच वाटतो. त्याने नेमका तोच संकोच वापरला.

पॅकेज असं होतं: इजिप्तच्या हुर्घाडाहून सात रात्री, अबू नुहासची जहाजं, मग 'थिसलगॉर्म' आणि 'रोझाली मोलर' ही आणखी दोन बुडालेली जहाजं. थिसलगॉर्म म्हणजे ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज. त्याच्या पोटात आजही मोटरसायकली आणि ट्रक ओळीने उभे आहेत. बोटवाले ॲडव्हान्स्डचं कार्ड मागतात, ते तो इथेच करून देणार होता, शिवाय नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनचं मिश्रण वापरणं) आणि रेक डायव्हिंगचंही (बुडालेल्या जहाजांवर उतरणं). "अंदमानचा खर्च कशाला, ताई?" बोटीसाठी आधी ५० हजार यूपीआयने दिले, मग १ लाख ४० हजारांचा चेक. तीन कोर्सचे ३५ हजार. आणि "नुकताच सर्व्हिसिंग केलेला" वापरलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, ४० हजारांना. चेक त्याच्या बायकोच्या नावाने मागितला, जीएसटीची कटकट नको म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडून टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा करायचा कर, घ्यायचा असतो आणि तो आपल्या पॅनवरच्या करपत्रकात (तेव्हा फॉर्म २६एएस) दिसतो. कुणी "टीसीएस लागत नाही" म्हणालं तर तो माणूस पॅकेज नोंदवतच नाहीये असं समजा. माझ्या २६एएसमध्ये काही नव्हतं आणि मी पाहिलंही नव्हतं.

पैशांचं दुःख आहेच. पण मला झोप लागू देत नाही ती दुसरीच गोष्ट.

डिसेंबरात तीन दिवस पहाटे त्याने मला शहराबाहेरच्या एका क्लबच्या तलावात नेलं. तलाव सगळ्यात खोल तिथे १० फूट. थंडीने दात वाजत होते. 'डीप डाइव्ह' म्हणून मला तळाशी २५ मिनिटं बसवलं आणि माझ्या लॉगबुकात (डाइव्हच्या नोंदवहीत) स्वतःच्या हाताने २६ मीटर लिहिलं. मी विचारलं, तर म्हणाला, "सगळे असंच करतात ताई, तिकडे गेल्यावर गाइड असतोच." मी खाली सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

खरी ॲडव्हान्स्ड म्हणजे मोकळ्या पाण्यातल्या पाच डाइव्ह. त्यात खोल डाइव्ह आणि दिशा शोधण्याची डाइव्ह सक्तीच्या, आणि खोल म्हणजे १८ मीटरपेक्षा जास्त खोल. हे नियमापुरतं नाही. १० फुटांत पाण्याचा दाब वरच्यापेक्षा जेमतेम तीस टक्के जास्त असतो. ३० मीटरला तो चौपट होतो आणि हवाही चौपट वेगाने संपते. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बार (दाबाचं माप) पर्यंत भरला की साधारण २,२०० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा, म्हणजे तीस मीटरवर ८०. वर यायला ५० बार राखून ठेवले तर हातात वीस मिनिटं उरतात. घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो. थिसलगॉर्मवर प्रवाह असतो, दोर धरून उतरावं लागतं. तिचा तळ ३० मीटरला. रोझाली मोलर तर ५० मीटरवर आहे, तिच्या डेकपर्यंत पोचायलाच तिशी ओलांडावी लागते. एवढ्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी येते, साधी बेरीज चुकते. यातलं काहीही मी आयुष्यात अनुभवलेलं नव्हतं आणि माझ्या कार्डावर 'अनुभवलेलं' म्हणून लिहिलं होतं. बोटीवरच्या गाइडने त्या कार्डावर विश्वास ठेवून मला गटात घेतलं असतं. माझ्या जोडीदाराचा जीवही त्याच कार्डावर टांगलेला राहिला असता.

नायट्रॉक्सचा कोर्स म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक व्हिडिओ आणि दहा प्रश्न. सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजायचा असतो हे त्याने सांगितलंच नाही, तो मोजायचा ॲनालायझर मी पाहिलाही नाही. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, ऑक्सिजनच्या दाबाच्या नेहमीच्या १.४ बारच्या मर्यादेने, ३३ मीटरपर्यंत चालतं, ३६ टक्क्यांचं २८ पर्यंतच. थिसलगॉर्मच्या तळाला ३६ चा सिलिंडर घेऊन कुणी गेलं तर ऑक्सिजनमुळे आकडी येऊ शकते, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. मी प्रयोगशाळेत गॅसच्या सिलिंडरांशेजारी वावरते, लेबल वाचल्याशिवाय एक नळी जोडत नाही. तरी इथे विचारलं नाही, कारण समोर "आपला माणूस" होता.

रेकच्या कोर्ससाठी तलावात प्लास्टिकच्या खुर्च्यांना दोरी गुंडाळून दिली होती. त्याबद्दल एवढंच पुरे.

नोव्हेंबरात इजिप्तमध्ये एक लिव्हअबोर्ड लाटेने उलटून बुडाली, माणसं गेली. ती बातमी पाहून आई रोज विचारायची, "तुझी बोट कुठली? नाव काय तिचं?" मी त्याला विचारत राहिले, तो टाळत राहिला. जानेवारीअखेर एकदाचं नाव दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी त्या बोटीच्या कार्यालयाला परस्पर मेल टाकली. कारण साधं होतं: मी अंडंही खात नाही, ते आधी कळवावं म्हणून. दोन दिवसांत उत्तर आलं. तुमच्या नावाचं आरक्षण नाही, तो आठवडा आधीच भरलेला आहे, आणि त्या मार्गासाठी आम्ही किमान ५० नोंदलेल्या डाइव्ह मागतो. उत्तर नम्र होतं. ते वाचून मी अर्धा तास जिन्यात बसून होते.

मग कार्डं तपासली. पॅडी या प्रशिक्षण संस्थेला कार्डांचा क्रमांक कळवला. माझ्या नावावर त्यांच्याकडे फक्त २०१९ चं ओपन वॉटर होतं. ज्या प्रशिक्षकाचा क्रमांक कार्डावर छापला होता, तो हा माणूस नव्हताच. पॅडीच्या संकेतस्थळावर प्रशिक्षकाचा सभासद क्रमांक टाकला की तो सक्रिय आहे की नाही ते कळतं. काही मिनिटांचं काम. मी ते ३५ हजार दिल्यानंतर केलं, आधी नाही.

त्याला फोन केला तर आधी "बोट बदलून देतो ताई", मग "गैरसमज झालाय", मग फोन बंद. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ही हेल्पलाइन खरी उपयोगाची पैसे गेल्या गेल्या, तासाभरात. माझे पैसे जाऊन महिने झाले होते. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगातही गेले. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे मला माहीत नव्हतं, तुम्ही माहीत करून घ्या. मंडळातल्या एका काकांनी मध्यस्थी केली तेव्हा त्याने ४० हजार परत केले आणि "आता तक्रार मागे घ्या" म्हणाला. मी घेतली नाही.

एप्रिलमध्ये इजिप्तसाठी काढून ठेवलेली रजा होती. त्या रजेत हॅवलॉकला जाऊन ॲडव्हान्स्ड खरोखरची केली. तिथल्या शिक्षिकेने माझ्या त्या रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजचा, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाचा, फिल्टर दाखवला. तो हिरवट पडला होता. खारं पाणी आत गेल्याची खूण, म्हणजे सर्व्हिसिंग झालंच नव्हतं. तिने तो वापरू दिला नाही. २८ मीटरवर उतरलो तेव्हा माझा श्वास इतका वाढला की तीन-चार मिनिटांत ५० बार संपले. तिने पाटीवर एक वजाबाकी लिहून दिली. ९१ वजा ३४. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले आणि उत्तर चुकीचं लिहिलं. ती शेजारीच होती, तिने हात धरून मला वर १८ मीटरवर आणलं, तिथे श्वास ताळ्यावर आला.

वाडीतल्या त्या मुलाला मी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. त्याचा प्रशिक्षक क्रमांक माग, आणि बोटीच्या कार्यालयाला स्वतः मेल कर. काल त्याचा निरोप आला. क्रमांक विचारल्यावर तो माणूस म्हणाला, "आपल्यातले असून एवढा अविश्वास?" मुलाने पैसे भरलेले नाहीत.