नोकरी सांभाळून केलेली ऑनलाइन मास्टर्स: पैसे नेमके कशाचे मोजले?

मी मालाच्या साठ्याचं नियोजन करणाऱ्या विभागात आहे, मूळ पदवी वाणिज्य शाखेची. नोकरी चालू ठेवून डेटा अ‍ॅनालिटिक्सची ऑनलाइन मास्टर्स केली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, 'करू का?' मी उलट विचारते, तुम्हाला हव्या असलेल्या पदासाठी पदव्युत्तर पदवीची अट आहे का? आमच्याकडे होती. वरिष्ठांचं मत कितीही चांगलं असो, त्या कागदाशिवाय अर्ज पुढेच सरकत नव्हता. पदवी मिळाली, अर्ज सरकला, पद मिळालं. ही अट नसती तर मी बराच जास्त विचार केला असता.

कारण नुसत्या व्याख्यानांसाठी एवढा खर्च करायची गरज नाही. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं सुरू झाली, तेव्हापासून नामांकित प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतात. आमच्या अभ्यासक्रमातले काही व्हिडिओ तर त्यांच्यापेक्षा फिकेच होते.

मग मिळालं काय? तपासलेलं काम! मागणीचा अंदाज बांधायच्या एका असाइनमेंटमध्ये मी बऱ्यापैकी गुंतागुंतीचं मॉडेल दिलं होतं. शिक्षकांनी समासात एकच प्रश्न लिहिला: 'मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा जसाच्या तसा पुढे नेला, तर याच्यापेक्षा किती वाईट अंदाज येतो?' आता ऑफिसात कुणीही नवं सॉफ्टवेअर दाखवायला आलं की मी हाच प्रश्न विचारते, आणि त्यावर बैठकीची दिशा बदललेली पाहिली आहे. असा प्रश्न व्हिडिओ विचारत नाही. तो विचारायला आपलं काम वाचणारा माणूस लागतो. काही विषयांत असा माणूस होता, काहींत नुसता गुण देणारा प्रोग्रॅम, आणि दोन्हींची फी सारखीच. याचा मला आजही राग आहे.

परीक्षेच्या वेळी ओळखपत्र दाखवा, कॅमेरा खोलीभर फिरवा, मग पेपर सुरू. सवय होते. गटात करायचं प्रोजेक्ट जास्त जड गेलं, कारण एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र, आणि तिसरा शेवटच्या आठवड्यात उगवणार. घरच्यांनीही त्या काळात बरंच निभावून नेलं, हे लिहायलाच हवं.

'ऑनलाइन पदवीला किंमत असते का?' याचं उत्तर विद्यापीठागणिक बदलतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली. तिथे कॅम्पसवरच्या आणि ऑनलाइन विद्यार्थ्यांना पदवी एकच, प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' असा शिक्काही नाही. सगळीकडे असं नसतं. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की पदवी हा नोकरी देणाऱ्यासाठी एक संकेत असतो, उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही तेव्हा तो संकेत वाचला जातो. माझे वरिष्ठ माझं काम रोज पाहत होते, त्यांना संकेताची गरज नव्हती, नियमाला होती. पण जिथे तुम्हाला कुणीच ओळखत नाही तिथे विद्यापीठाचं नाव आणि मान्यता यांच्यावरच सगळी भिस्त. म्हणून मान्यता विद्यापीठाच्या जाहिरातीत वाचू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत शोधा.

क्षेत्रच बदलायचं असेल तर मी सावध करेन. कॅम्पसवर कंपन्या येतात, वर्गमित्रांच्या ओळखीतून दारं उघडतात. आम्हाला करिअर सेलकडून बायोडेटा कसा लिहावा याचे वेबिनार मिळाले, बस्स. माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे आधीच मास्टर्स आहे, तिला फक्त प्रोग्रॅमिंग हवं होतं. तिला मी दुसरी पदवी करू नकोस असं स्पष्ट सांगितलं. तिने सुटे कोर्स केले आणि तिचं काम भागलं.

प्रवेश घ्यायचाच असेल तर फी भरण्याआधी एक ईमेल करा: असाइनमेंट कोण तपासतं, आणि शेरे मारलेला एखादा जुना नमुना, नाव झाकून, दाखवाल का? उत्तरादाखल माहितीपत्रकच पुन्हा आलं, तर तिथे पैसे भरू नका.