१८ व्होल्ट, ३ अँपिअर, वजन ४८० ग्रॅम

ठाणे स्टेशनजवळच्या एका गाळ्यातून घेतलेलं हे पॉवर सप्लायचं किट कोपरखैरण्यात जोडलं गेलं आणि अ‍ॅम्प्लिफायर लावल्याबरोबर स्पीकर घुमायला लागला. जाहिरातीतला दावा असा होता: ऑडिओसाठी अ‍ॅडजस्टेबल डीसी सप्लाय, १.२ ते २५ व्होल्ट, ५ अँपिअर, हमिंग अजिबात नाही, सगळे पार्ट ओरिजिनल. किंमत १,८५० रुपये. पिशवीत १८ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, धातूच्या टोपीतला एलएम३३८ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा ५ अँपिअरचा रेग्युलेटर आयसी), ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा एक कंडेन्सर, ब्रिज (एसीचा डीसी करणारा), ५के पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायचा ५००० ओहमचा बदलता रेझिस्टर), २२० ओहमचा रेझिस्टर आणि हीटसिंक. गाळ्यात जोडून ठेवलेल्या नमुन्यावर मल्टिमीटर १२.० दाखवत होता, एलईडी पेटत होता. पैसे यूपीआयने गेले, बिल मिळालं नाही.

फसवणुकीची सगळी मेख त्या एलईडीत आहे. एलईडी १०-१५ मिलीअँपिअर घेतो. एवढ्याशा लोडवर (सप्लायमधून ओढल्या जाणाऱ्या प्रवाहावर) कसलाही ट्रान्सफॉर्मर, कसलाही कंडेन्सर आणि कसलाही रेग्युलेटर आयसी बरोबरच आकडा दाखवतो. खोटा माल लोडखाली उघडा पडतो, आणि घरी लोड लावला जाईपर्यंत विकणारा "तुमचं सोल्डरिंग चुकलंय" म्हणायला मोकळा असतो. इथेही तेच झालं. वर "तीनशे भरा, कंडेन्सर बदलून देतो" म्हणून तसलाच दुसरा कंडेन्सर गळ्यात मारला.

खरं तर पहिलं खोटं जाहिरातीतच वाचता येत होतं. ब्रिज आणि कंडेन्सरपुढे डीसी घेताना ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून एसी प्रवाह डीसीच्या साधारण १.६ ते १.८ पट वाहतो, कारण कंडेन्सर फक्त लाटेच्या टोकावर झटक्याने भरतो. म्हणजे अस्सल ३ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सलग घ्यायचे तर १.७-१.८ अँपिअर डीसी. पाच कुठून येणार? आयसीची कमाल क्षमता हीच सप्लायची क्षमता म्हणून सांगणं ही जुनी हातचलाखी आहे, आणि ती खपते कारण बहुतेक गिऱ्हाईक आयसीचा नंबरच बघतं.

आता मोजमाप. उघड्या २३० व्होल्टवर काम आहे, म्हणून पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजला आणि प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) ५०० मिलीअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज. बल्ब लख्ख पेटलेलाच राहिला तर पुढे जाऊ नका. नाही पेटला तर मोजमापासाठी बल्ब काढून थेट मेन्सवर, पण फ्यूज ठेवूनच. लोड म्हणून १० ओहम २५ वॅटचे वायरवाउंड रेझिस्टर तीन-चार आणून ठेवा. १२ व्होल्टवर एक रेझिस्टर १.२ अँपिअर घेतो आणि चांगलाच तापतो, त्यामुळे टेबलाच्या सनमायकावर ठेवू नका, फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

या किटचे आकडे असे आले. लोड नसताना ट्रान्सफॉर्मरवर २१.५ व्होल्ट एसी. एक रेझिस्टर लावला की १५.८. पन्नासेक व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) नीट बांधलेला ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना २० च्या आसपास आणि पूर्ण लोडवर १८ दाखवतो, दहा-बारा टक्क्यांचा फरक. इथे फरक छत्तीस टक्के. कंडेन्सरच्या पायांवर डीसी १६, आणि त्याच जागी मीटर एसी रेंजवर टाकला तर २.३. करवतीच्या दात्यासारख्या रिपलसाठी (डीसीवर उरलेल्या चढउतारासाठी) हा एसी आकडा साडेतीनने गुणला की वरपासून खालपर्यंतचा झोका मिळतो, म्हणजे इथे ८ व्होल्ट. सोळाच्या वर चार, खाली चार. खालचं टोक १२ वर. रेग्युलेटरला १२ व्होल्ट द्यायला आत किमान साडेचौदा लागतात. ते सेकंदाला शंभर वेळा कमी पडतात, आणि तेवढ्याच वेळा आउटपुट खाली बसतं. स्पीकरमधली घुंSS तीच.

(स्वस्तातल्या पिवळ्या मीटरची एक खोड: त्यातले काही एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर एसी रेंज लावून बघा, दोन्ही बाजूंनी. दोन्हींकडे शून्य आलं तर मीटर या कामाचा. एका बाजूने १८-२० आले तर दुसरा मीटर आणा.)

४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १.२ अँपिअरवर जेमतेम २ व्होल्टचा झोका देतो. आठ आले म्हणजे कंडेन्सर चौथाई. ते ताडून बघायला महागडं उपकरण लागत नाही. कंडेन्सर सर्किटमधून सुटा करा, ९ व्होल्टच्या बॅटरीने भरा, प्लस-मायनस सांभाळून. मग बॅटरी काढून त्याच्यावर १०के रेझिस्टर आणि मीटर लावा, मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा. ९ वरून ३.३ व्होल्टवर यायला ४७ सेकंद लागले पाहिजेत, वीस टक्के मागेपुढे धरले तर ३८ ते ५६. हा बारा सेकंदांच्या आत आला. तीनशे भरून आणलेलाही तेवढाच.

मग एकाचं प्लास्टिकचं आवरण ब्लेडने उभं कापलं. डब्याच्या तळाशी रबराऐवजी वाळलेला चिकट थर होता, तो खरवडल्यावर आतून दुसरा, अंगठ्याएवढा कंडेन्सर निघाला. त्यावर स्वच्छ छापलेलं: १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. मोठ्या डब्यात छोटा, मधली जागा पोकळ. बाहेर ५० लिहिलेलं असताना आत ३५, आणि लोड नसताना त्याच्यावर २९ व्होल्ट येत होते. रात्री मेन्स चढला की तो किती दिवस टिकला असता हा निराळा प्रश्न.

ट्रान्सफॉर्मरसाठी तर सोल्डरिंग गनही लागत नाही. किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो. १८ गुणिले ३ म्हणजे ५४ व्हीए. एवढा ट्रान्सफॉर्मर एक किलोच्या आसपास भरतो. हा ४८० ग्रॅम. आणखी पक्कं करायचं तर पट्टी घ्या. कोअरच्या नेहमीच्या ई-आय पत्र्यांमध्ये (इंग्रजी E आणि I च्या आकाराच्या) मधल्या दांडीची रुंदी ही पत्र्याच्या लांब बाजूच्या एकतृतीयांश असते. ती रुंदी आणि पत्र्यांच्या थप्पीची जाडी यांचा गुणाकार म्हणजे कोअरचं क्षेत्रफळ. ढोबळ हिशोब असा की व्हीएचं वर्गमूळ काढून १.१ ने गुणलं की लागणारे चौरस सेंटिमीटर मिळतात. ५४ साठी आठ. या ट्रान्सफॉर्मरची लांब बाजू ५.७ सेंटिमीटर, म्हणजे दांडी १.९, थप्पी २.२, क्षेत्रफळ सव्वाचारच्याही आत. उलटा हिशोब केला तर १५ व्हीए. तीन अँपिअरच्या जागी पाऊणच्या थोडं वर. वायरीच्या टोकाचं एनॅमल खरवडल्यावर आतून तांबडा रंग निघायला हवा होता, पांढरा निघाला. अ‍ॅल्युमिनियम. त्यावर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळली होती. हा ट्रान्सफॉर्मर लोड न लावता तासभर चालू ठेवला तरी हात ठेववत नव्हता. कोअर लहान आणि फेरे कमी असले की असंच होतं.

आयसीवर आरोप करण्याआधी मात्र तो वेगळा काढून तपासला पाहिजे. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज बाजूला ठेवा आणि लॅपटॉपचा १९ व्होल्ट ९० वॅटचा अ‍ॅडाप्टर कंडेन्सरच्या जागी जोडा. आउटपुट १२ ला लावून एकेक रेझिस्टर समांतर वाढवत जा, दर वेळी दोन-तीन सेकंदच. एकावर १२.० आले, दोनांवर ११, तिघांवर ७.३. तीन रेझिस्टर मिळून ३.३३ ओहम होतात. भागाकार केला की २.२ अँपिअर. दोनांवरही तेवढेच. म्हणजे आयसी तिथे प्रवाह अडवतो. एलएम३१७ ची (एलएम३३८ चा दीड अँपिअरचा धाकटा भाऊ) अंगभूत मर्यादा साधारण हीच. एलएम३३८ असता तर साडेतीन अँपिअरला त्याचा डोळाही लवला नसता. टोपीवरचा नंबर काहीही असो, आत पाच अँपिअरची चिप नाही. नंबर थिनरने पुसला जातो का बघा, असा सल्ला सर्रास देतात. धातूच्या टोपीवरची शाई जुन्या अस्सल मालाचीही पुसली जाते, तेव्हा त्यावरून निकाल देऊ नका. निकाल लोडनेच लागतो.

विकणाऱ्याच्या पदरात न टाकण्यासारख्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर भांडायला गेल्यावर तोंडघशी पडाल. १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवरून ५ व्होल्ट १.५ अँपिअर घ्यायला गेलात तर आयसीत सत्तावीसेक वॅट जळतात. छोट्या हीटसिंकवर अस्सल एलएम३१७ सुद्धा तापून बंद पडतो आणि थंड झाला की परत सुरू होतो. टीओ-३ ची (या आयसीची धातूची) टोपी म्हणजेच आउटपुट, त्यामुळे मायका (वीज अडवणारी पातळ चकती) न घालता अर्थ केलेल्या डब्याला ठोकलीत तर सरळ शॉर्ट. (या किटमध्ये मायका दिलाच नव्हता, ते मात्र त्यांच्या खात्यावर.) २२० ओहमचा रेझिस्टर आयसीच्या आउटपुट पायालाच हवा, लांब वायरीच्या टोकाला नको. पॉटचं खालचं टोक आउटपुटच्या मायनसला, ब्रिज ते कंडेन्सर या तुकड्यात कुठेही नको. त्या तुकड्यात चार्जिंगचे झटके धावतात आणि ते थेट आवाजात उतरतात. अ‍ॅडजस्ट पायाला (आयसीचा पॉट जोडायचा पाय) १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावल्याने रिपल बराच कमी होतो, पण आत व्होल्टेजच कमी पडत असेल तर तो काय करणार? हमिंग कुठली हे ओळखायला मोबाइलवरचं स्पेक्ट्रमचं अ‍ॅप चालतं: १०० हर्ट्झची आणि लोडबरोबर वाढणारी असेल तर रिपल, ५० हर्ट्झची आणि लोडला दाद न देणारी असेल तर ग्राउंड लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने बनलेलं वर्तुळ) किंवा ट्रान्सफॉर्मर प्रीअ‍ॅम्पला खेटून ठेवलाय.

पॉटकडे या सगळ्यात कोणी बघत नाही, आणि उपकरण जळतं ते त्याच्यामुळे. नुसते दोन पाय वापरले आणि वायपर (पॉटचा मधला, सरकता पाय) क्षणभर उचलला गेला की अ‍ॅडजस्ट पाय लोंबकळतो, आउटपुट जवळजवळ इनपुटएवढं चढतं. १२ व्होल्टच्या प्रीअ‍ॅम्पला पंचवीसच्या वर. तिसरा पाय वायपरला जोडून टाका. पण ५के वर एवढ्याने भागत नाही: १२ पुरे असतील तर त्याच्या जागी २.२के पॉट लावा. २२० ओहमबरोबर तो १४ च्या पुढे जातच नाही.

कोपरखैरण्याच्या त्या सप्लायमध्ये शेवटी कामाचे उरले ते हीटसिंक, ब्रिज आणि तो २२० ओहमचा रेझिस्टर. बाकी नवीन: १५ व्होल्ट ३ अँपिअरचा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, ४७०० चे दोन कंडेन्सर समांतर आणि साधा एलएम३१७. १२ व्होल्टसाठी १८ ची गरजच नसते, उगाच उष्णता. त्याच एका १० ओहमवर आता मीटरची एसी रेंज कंडेन्सरवर ०.३ दाखवते आणि आउटपुटवर शून्य. नवीन ट्रान्सफॉर्मर घेताना वाइंडिंगवाल्याला क्षेत्रफळ आणि तांबं बिलावर लिहून मागितलं, आणि रेझिस्टर बरोबर नेऊन तिथेच लोड लावून बघितला. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

पैसे परत मागायचे तर बिल लागतं. ते नसेल तर यूपीआयची नोंद आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कापलेला कंडेन्सर फेकू नका. ट्रान्सफॉर्मरचा फोटो काट्यावर ठेवूनच काढा, ३ अँपिअरचं लेबल आणि ४८० चा आकडा दोन्ही दिसतील असा.