पाडांग की वार्तेग: जकार्तात रोजचं कुठे जेवावं?

नोकरीसाठी जकार्तात चार-सहा महिने राहायचं ठरलं की जेवणाचं काय, हा प्रश्न येतोच. तिथल्या गल्लीबोळांत दोन तऱ्हेच्या खानावळी हमखास सापडतात, पाडांग आणि वार्तेग. दोन्हीकडे भात आणि सोबत कालवणं, भाज्या. पण रोजच्यासाठी एक निवडायची तर फरक मोठा आहे.

पाडांग खानावळ लांबूनच ओळखू येते. काचेमागे बशांवर बशा रचलेल्या असतात. ही पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांची. घर सोडून परमुलखात जाऊन पोट भरायची त्यांची जुनी रीत आहे, तिला 'मरांताऊ' म्हणतात. तिच्यासोबतच हे जेवण देशभर गेलं. तुम्ही बसलात की काही न विचारता दहा-बारा बशा समोर मांडतात. घाबरू नका, खाल तेवढ्याचेच पैसे. उरलेल्या न उष्टावलेल्या बशा परत जातात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतात. हे ज्याला खटकेल त्याने काचेपाशी उभं राहून एकाच ताटलीत भात आणि हवं तेवढंच वाढून घ्यावं. टेबलावर वाटीत पाणी ठेवतात ते हात धुवायला, प्यायला नव्हे. जेवायचं उजव्या हाताने, आपल्यासारखंच.

चवीत पाडांगला तोड नाही, असं मला मनापासून वाटतं. नारळाच्या दुधातल्या रश्शाला 'गुलाई' म्हणतात. कोकणातल्या माणसाला ती पहिल्या घासाला जवळची वाटते. रेंदांग हा मांसाचा पदार्थ तर नारळाचं दूध आटून तेल सुटेपर्यंत तासन्‌तास शिजवतात आणि त्यात हळदीचं पान घालतात. पातोळ्यांचा वास ज्याच्या नाकात आहे त्याला ते लगेच कळेल. मात्र रेंदांग बहुधा गोमांसाचं असतं. चालत नसेल तर 'आयाम', म्हणजे कोंबडी, आहे का ते विचारा. शाकाहाऱ्यांची मात्र इथे पंचाईत होते. कसाव्याचा उकडलेला पाला आणि भात एवढ्यावर भागवावं लागतं, कारण फणसाच्या गुलाईतही कधी मांसाचे तुकडे निघतात.

वार्तेग म्हणजे 'वारुंग तेगाल'. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या तेगाल भागातल्या लोकांनी चालवलेली साधी खानावळ. लांब बाकडं, समोर काचेचं कपाट. बोट दाखवायचं, बाई भातावर वाढतात. भाषा येत नसली तरी अडत नाही. पाडांगपेक्षा स्वस्त, आणि रिक्षावाल्यापासून ऑफिसातल्या कारकुनापर्यंत सगळे शेजारी बसतात. इथली माझी आवडती वस्तू ओरेक तेम्पे. शिजवलेलं सोयाबीन बुरशीने आंबवून वडी धरते ती तेम्पे. तिच्या बारीक फोडी तळून दाट, गोड सोया सॉसमध्ये परततात. शिवाय 'कांगकुंग', म्हणजे आपली नाळीची भाजी, लसणावर परतलेली. आणि सायुर आसेम, चिंचेचं आंबटगोड पातळ कालवण, त्यात शेंगदाणे आणि मक्याच्या कणसाचे तुकडे.

उणं म्हणाल तर गोडवा. जावाच्या पदार्थांत गूळ-साखर सढळ असते. आठवड्याभरात झणझणीत खावंसं वाटतं. आणि शाकाहाऱ्यांनी एक शब्द पाठच करावा: 'तरासी'. ही आंबवलेल्या कोळंबीची चटणी मिरचीच्या सांबालमध्ये असते, भाजीतही असू शकते. 'तान्पा तरासी', म्हणजे तरासीशिवाय, असं वाढण्यापूर्वीच विचारायचं. हिरवीगार भाजी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये.

चहा दोन्हीकडे मिळतो. दुधाचा मात्र नाही. नुसता चहा मागितला तर बहुधा गोड येतो, 'तेह तावार' म्हटलं की बिनसाखरेचा. तेगालकडचा मोगऱ्याच्या वासाचा चहा मातीच्या किटलीत देतात आणि कपात खडीसाखर टाकतात. तो मिळाला तर सोडू नका.

शाकाहारी असाल किंवा महिन्याचा खर्च मोजून चालायचं असेल तर वार्तेगच धरा. मासे-मटण खाणाऱ्यानेही रोजची दुपार वार्तेगात काढावी आणि पाडांग रविवारसाठी ठेवावं, कारण इतकं नारळाचं दूध आणि तेल रोज पोटाला झेपत नाही. पाडांगला दुपारी बाराच्या आत पोचा. तेव्हा काचेमागच्या बशा भरलेल्या असतात.