डीसी वेव्हमेकर आणि रीफ एलईडी: एक कापूस-हंगाम आणि एक उन्हाळा काढल्यावर

पंप थांबलेला, पण कंट्रोलरवरचा दिवा चालू. या वेव्हमेकरबद्दलची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाह खेळवणाऱ्या पंपाबद्दलची, तक्रार एवढीच आहे, आणि बाकीच्या गुणांपेक्षा तिच्यावरच जास्त लिहिणार आहे. वीज अखंड असलेल्या शहरात ही खोड कोणाच्या लक्षातही येणार नाही. वणी-हिंगणघाट पट्ट्यातल्या खेड्यात मात्र वस्तू ठेवायची की विकून टाकायची हे तिच्यावरच ठरतं.

टाकी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची, तीन बाय दीड बाय दीड फूट. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १७० लिटर. आत जोआन्थिड, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक लेदर, सगळी सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली प्रवाळं. दगडी प्रवाळ मुद्दाम नाहीत. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि 'कागद आहेत' असं फोनवर सांगणारा विक्रेता कागद पाठवायच्या वेळी गायब होतो. वेव्हमेकर २४ व्होल्टचा, खोक्यावर ताशी ८००० लिटर. लाइट सहा चॅनेलचा, म्हणजे सहा रंगगट वेगवेगळे कमी-जास्त करता येणारा, पंख्याने थंड होणारा.

आता ती खोड. लाईन पूर्ण गेली आणि तासाभराने आली, तर पंप आधीच्याच मोडवर, आधीच्याच वेगाने सुरू होतो. मेमरीत खोट नाही. पण लाईन अर्धा सेकंद लपकली की घात होतो. अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर पुरता रिकामा होत नाही, व्होल्टेज मध्येच कुठेतरी घसरतं, मोटार थांबते आणि कंट्रोलरची चिप ना धड बंद पडते ना धड रीसेट होते. दिवा जळतोय, मोड दिसतोय, पंपाचा पंखा उभा. बटणं दाबून काही होत नाही. पिन काढायची, अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायची. जिथे घरं आणि शेतपंप एकाच डीपीवर आहेत तिथे हा प्रकार उन्हाळ्यापेक्षा रब्बीत जास्त: हरभरा-गव्हाच्या ओलिताला मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातले बल्ब मिचकावतात. तेही बहुतेक रात्री, जेव्हा टाकीकडे कोणी बघत नाही.

सर्व्हिसवाल्यांनी आधी व्हिडिओ मागितला. व्हिडिओ गेल्यावर कळवलं की व्होल्टेजचा प्रश्न वॉरंटीत बसत नाही, तरी पंप मुंबईला स्वखर्चाने पाठवा, बघतो. आमच्या पिनकोडवरून कुरिअरचा पिकअप नाही, म्हणजे तालुक्याला नेऊन देणं आलं, आणि तोवर टाकीत दुसरा पंप हवाच. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तेव्हा दिलेले गुण पाचपैकी दोन.

एवढा जीव काढायचं कारण असं की प्रवाळाला प्रवाह फक्त कचरा वाहून न्यायला लागत नाही. त्याच्या कातडीला चिकटून पाण्याचा एक पातळ स्थिर थर असतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अन्न, सगळी देवघेव त्या थरातून होते. प्रवाह जोरात असेल तर थर पातळ, मंद असेल तर जाड. दिवसा आतली शेवाळं प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन तयार करतात; तो बाहेर निघाला नाही तर पेशींनाच घातक ठरतो आणि प्रवाळ आपली शेवाळं बाहेर टाकून पांढरं पडतं. म्हणजे लाइट फुल आणि पाणी उभं ही जोडी सगळ्यात वाईट. ओकिनावातल्या प्रयोगांत त्याच उन्हात, त्याच गरम पाण्यात मंद प्रवाहातली प्रवाळं पांढरी पडली आणि जोरदार प्रवाहातली तगली, हे २००१ मध्येच प्रसिद्ध झालंय. रात्री उलटं: सगळेच श्वास घेतात, ऑक्सिजन तयार कोणी करत नाही, आणि पृष्ठभाग हलत नसेल तर तो हवेतूनही पुरेसा येत नाही. आधी मासे वर येऊन धापा टाकतात.

अपडेट: उपाय सापडला, तोही फ्रिजच्या दुकानात. तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला साधा फ्रिज स्टॅबिलायझर, दोन हजारांच्या आत. लाईन लपकली की तो सप्लाय पूर्ण तोडतो, तीन मिनिटं थांबतो आणि मग देतो. तेवढ्यात अ‍ॅडॉप्टर पुरता रिकामा होतो, कंट्रोलर कोरा सुरू होतो आणि मेमरीतला मोड उचलतो. तीन मिनिटं प्रवाह नसल्याने काही बिघडत नाही. घेताना दुकानातच बल्ब लावून पिन चटकन काढून-लावून बघा. काही मॉडेलांत डिले चार-पाच सेकंदांचाच असतो, त्याचा उपयोग नाही. लाइटही याच स्टॅबिलायझरवर घ्या. कॉम्प्युटरचा यूपीएस सुचवणारे भेटतील. तो लपक झेलतो हे खरं, पण सांजेला व्होल्टेज फारच खाली आलं की तो सारखा बॅटरीवर जातो आणि खरी लाईन जाते तेव्हा रिकामा असतो. आता गुण साडेतीन. उरलेला दीड गुण कंपनीने शंभर रुपयांचा पार्ट वाचवला म्हणून कापलाय, आणि तो परत मिळणार नाही.

शिवाय समोरच्या काचेवर एक छोटा साधा एसी वेव्हमेकर ठेवा. त्यात डोकं नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. कधी उलटा फिरतो, पण फिरतो.

वेगाचं म्हणाल तर खोक्यावरचे ८००० विसरा. सॉफ्ट प्रवाळांना ताशी टाकीच्या १० ते २० पट पुरे, म्हणजे इथे सतराशे ते चौतीसशे लिटर. पंप पृष्ठभागाखाली चार बोटं, तोंड किंचित वर, धार समोरच्या काचेवर. काचेवर आपटून फुटलेलं पाणीच प्रवाळाला द्यायचं, सरळ धार नाही. एकसारख्या वेगापेक्षा कमी-जास्त होणारा मोड बरा. लेदरचे पॉलिप, म्हणजे वरची बारीक फुलं, डुलायला हवेत. एकाच बाजूला झोपलेले दिसले तर वेग जास्त आहे. मशरूम आक्रसून काठ वळवतं तेव्हा त्याला आडोसा द्या. जोआन्थिडांवर तपकिरी गाळ साचत असेल तर तिथे प्रवाह कमी पडतोय.

लाइटला मात्र सरळ साडेचार गुण. पाण्यापासून २५ सेंमी उंचीवर, निळे चॅनेल जास्त, पांढरा मोजका, दिवसातून नऊ तास. सुरुवात ३५ टक्क्यांवर आणि आठवड्याला ५ टक्के वाढ. सॉफ्टला ५० ते १०० पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) मिळाला की बास. अर्धा गुण पंख्यासाठी कापला. जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि ते जाळीवर नमद्यासारखे बसतात. पंखा गुदमरला की लाइट स्वतःला वाचवायला तेज कमी करतो, पण अ‍ॅपवर टक्का तोच दाखवतो. जोआन्थिडांचे देठ लांब होऊन वर ताणायला लागले की जाळी बघा. साफ करायला दाढीचा ब्रश पुरतो. साफ केल्यावर आधीचाच टक्का ठेवू नका! पूर्ण तेज एकदम परत येतं आणि अंधाराला सरावलेली प्रवाळं दोन दिवसांत फिकी पडतात. तिसरा हिस्सा कमी करा आणि पुन्हा हळूहळू चढवा. पार मीटर परवडत नसेल तर मोबाइलचा लक्स मीटर चालतो, पण फक्त तुलनेसाठी: लाइट बसवल्या दिवशी ठरावीक अंतरावर आकडा लिहून ठेवा, पुढे त्याच जागी त्याच टक्क्यावर मोजा. निळ्या प्रकाशात लक्सचा आकडा मुळातच खोटा असतो, त्यावरून पार काढायला जाऊ नका.

उन्हाळ्यात पाणी २७ अंशांखाली ठेवायला चिलर न घेता भागलं. पृष्ठभागावर आडवी हवा मारणारा क्लिपचा पंखा आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात दोन-तीन अंश सहज उतरवतो. बाकी काम खोलीच्या कूलरचं. पण कूलरची ओली हवा थेट टाकीवर आली की पंख्याचा गुण जातो, म्हणून त्याचं तोंड दुसरीकडे. नवतप्यात सहा लिटरपर्यंत पाणी रोज उडतं; न भरल्यास खारेपण एका दिवसात हजारी ३५ वरून ३६ च्या पुढे जातं. भरायचं ते आरओ-डीआय फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. बोअरचं पाणी नकोच. पावसाळ्यात हवा दमट झाली की क्लिपचा पंखा कुचकामी. तेव्हा लाइटचे तास सातवर आणा.

लाईन लांब गेली तर साध्या इन्व्हर्टरवर डीसी पंप चालतो, एसीवाला घूं-घूं करत तापतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप लावून त्याचा बुडबुडे सोडणारा दगड तरी टाकीत सोडा.

पंप महिन्या-दीड महिन्याने उघडून लिंबूसताच्या पाण्यात अर्धा तास ठेवा: एक लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे. कॅल्शियमचा थर सुटतो, खडखड थांबते. इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पंख्याचा) सिरॅमिक दांडा काढताना वाकडा जोर दिला की मोडतो, आणि सुटा दांडा मिळत नाही, अख्खा इम्पेलरच घ्यावा लागतो. तो पंपासोबतच मागवलेला बरा. आतल्या चुंबकाच्या आवरणाला तडा, फुगवटा किंवा गंजाचा डाग दिसला तर तो चुंबक त्याच दिवशी बाहेर काढा, पंप चालू असला तरी.