ऑपरेशन चोख, फाइल अर्धवट: जळगावातल्या एका बॅरिअ‍ॅट्रिक पॅकेजबद्दल

पाचपैकी साडेतीन. थिएटरला पैकीच्या पैकी. गुण कापले ते सुट्टी देताना हातात ठेवलेल्या फाइलचे.

पॅकेज वजन घटवण्यासाठी दुर्बिणीतून होणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनचं आहे. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून नळी ठेवतात, साधारण केळाच्या आकाराची (जळगावकराला माप समजवायला नको). आधीचे दोन आठवडे पातळ, कमी उष्मांकाचा आहार देतात. यकृताची चरबी उतरली नाही तर सर्जनला जठरापर्यंत पोहोचायला जागा मिळत नाही, म्हणून. ईसीजी, इको आणि घोरणाऱ्यांची झोपेची तपासणी होते. नुकताच स्टेंट टाकलेल्यांना थांबवतात. इथवर बोट ठेवायला जागा नाही.

माहितीपत्रकात मात्र ‘हृदयविकारापासून मुक्ती’ असं छापलंय. तसं नसतं. १९८७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या पाहणीत ऑपरेशन झालेल्या २०१० जणांत हृदयविकार-पक्षाघाताने २८ मृत्यू झाले, न झालेल्या २०३७ जणांत ४९. फरक मोठा आहे, पण मुक्ती नव्हे. शिवाय स्लीव्हने साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि बीपी चांगलं उतरतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही. त्यात जठराचं बायपास (हृदयाचं नव्हे) सरस. वजन घटलं म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, परस्पर बंद करणं महागात पडेल.

आता फाइल. बीपीच्या गोळ्या ‘पूर्वीप्रमाणे’ लिहून दिल्यात आणि खरी चूक इथेच आहे. पहिले काही आठवडे रुग्ण घोट-घोट करत जेमतेम दीड लिटर पाणी रिचवतो. त्यात क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी आणि भुसावळचा ४५ अंशांचा मे महिना! उठताना अंधारी येते, क्रिएटिनिन चढतं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण येतो. ही गोळी बहुधा ऑपरेशनपासूनच थांबवावी लागते. बीपी रोज बसून आणि उभं राहून मोजायचं, आकडे फिजिशियनला दाखवायचे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचंही तेच, शुगर धाडकन खाली येते. मधुमेहाचीच दुसरी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद हवी. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी आवरणारी गोळी) मात्र एकदम तोडायची नाही.

उलट्यांबद्दल एकच ओळ आहे: ‘त्रास झाल्यास कळवा’. उलट्या लांबल्या की थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपतं. तशात गावातल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. मेंदूला इजा होते, क्वचित हृदयही निकामी होतं. ‘ग्लुकोजच्या आधी थायमिन’ हे लाल शाईत हवं होतं.

आहाराच्या कागदावर ओट्स आणि ब्रोकोली. वरणाचं निवळ पाणी, ताक, मुगाचं कढण यांचा पत्ता नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी किमान दोन महिने थांबावी, मग वरणात कुस्करून, चार घास. भरीत त्याआधी चालेल, पण बिनमिरचीचं आणि तेलाचा हात आखडून. शेवभाजीची तर्री विसरा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी-ठेच्यावर ती भरत नाहीत.

तंबाखू-गुटख्याचा रकानाच नाही! खान्देशात हा प्रश्न पहिला विचारायला हवा.

जमेची बाजू म्हणजे रात्रीही फोन उचलतात आणि ३, ६, १२ महिन्यांच्या तारखा आधीच लिहून देतात. पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या: त्या तारखांना बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि लिपिड प्रोफाइल पॅकेजमध्येच आहे का, आणि बीपीच्या गोळ्या कमी कोण करणार, सर्जन की तुमचे नेहमीचे डॉक्टर.